भेगेची दुसरी तारीख

प्रा. शिवलिंगप्पा बिराजदार कोणाच्याही घरी गेले की आधी माणसांकडे बघत नसत, भिंतीकडे बघत. यजमान 'या, बसा' म्हणत असायचे आणि सर दाराच्या चौकटीवरच्या कोपऱ्याकडे मान करून उभे असायचे. मग खिशातून एसटीचं तिकीट निघायचं. त्याची चौपदरी घडी घालून ते ती भिंतीच्या भेगेत सरकवून बघत. घडी आत गेली नाही, तर सर खाली बसून चहा घेत. गेली, तर कानावरची सुताराची चपटी पेन्सिल हातात येई. भेग जिथं संपते तिथं एक आडवी रेघ, रेघेशेजारी तारीख. परवानगी विचारण्याची पद्धत नव्हती. "पुढच्या बारीला आलो की बगू, कुठवर गेली ती," एवढं सांगून ते पाणी मागत.

लातूर शहरात अशा किती रेघा आहेत याची नोंद कोणाकडे नाही. मला माहीत असलेल्या अशा: एक डाळमिलच्या कचेरीत, एक दातांच्या डॉक्टरांकडे, खुर्चीवर आडवं झालं की बरोबर समोर दिसणारी, आणि दोन एका मंगल कार्यालयात, वधूच्या खोलीत. त्या दोन रेघांसाठी सरांना वधूच्या मावशीशी वाद घालावा लागला होता. वादात मावशी जिंकल्या, पण रेघा तोवर मारून झाल्या होत्या.

सर लातूर-मुरुड रस्त्यावरच्या एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात स्थापत्य विभागाचे प्रमुख होते. मी एका दैनिकातली उपसंपादकाची नोकरी सोडून तिथं लागलो, तो मानांकनाचा अहवाल लिहून देण्यासाठी. दर काही वर्षांनी बाहेरची समिती येते, तीन दिवस राहते आणि दोन गोष्टी तपासते: विभाग काय शिकवतो म्हणतो आणि विद्यार्थ्याला त्यातलं खरोखर काय येतं. या दोहोंमधलं अंतर कमी दाखवायचं असतं. त्यासाठी भाषा जाणणारा माणूस लागतो, असं प्राचार्यांचं मत होतं.

पहिल्या भेटीत सरांनी माझ्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बघत विचारलं, "पेपरात होता म्हणं तुमी. तारीख न टाकता बातमी छापता का?"

"नाही."

"मंग जमंल आपलं. तारखेबिगर भेग म्हंजे नुसतं रडगाणं."

या भागातली माती काळी आहे. पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते, आणि तिच्यावरचं घर तिच्यासोबत खालीवर होतं. सर म्हणत, "काळी माती म्हंजे घरातली थोरली सासू. तिच्या कलानं घेतलं तर नांदू देती. न्हाईतर भिंतीला भिंत बोलू देत न्हाई." महाविद्यालयाला स्वतःचा अभ्यासक्रम ठरवण्याची मुभा मिळाली, तेव्हा बाकीच्या विभागांनी पुण्यातले अभ्यासक्रम मागवून त्यांवर आपलं बोधचिन्ह छापलं. सरांनी एक नवा विषय घातला: काळ्या मातीवरचं बांधकाम. पुस्तक नव्हतं. महाविद्यालयाच्या इमारतीच होत्या. प्रत्येक विद्यार्थ्याला वर्षभरासाठी एक भेग नेमून दिली जाई. दर सोमवारी मापायची, रेघ मारायची, तारीख टाकायची, वहीत नोंदवायची. वर्ष संपलं की ती भेग खालच्या वर्गातल्या मुलाला सोपवायची. सर्वेक्षण प्रयोगशाळेच्या उत्तरेच्या भिंतीवर, खिडकीच्या कोपऱ्यातून पायऱ्या-पायऱ्यांनी उतरणारी एक भेग होती. तिला 'थोरली' म्हणत. तिच्यावर अकरा तुकड्यांच्या रेघा होत्या. माजी विद्यार्थी लग्नाची पत्रिका द्यायला आले की आधी थोरलीकडे जात आणि आपली रेघ किती मागे पडली ते बघून येत.

अहवालात प्रत्येक विषयाचं फलित लिहावं लागतं. सरांनी मला लिहून दिलं होतं: 'पोराला भेग बघून सांगता यावं, ही वाढणार, ही थांबली, ही नुसती रंगाची. आणि न कळल्यास कळत नाही म्हणता यावं.' मी त्याचं अहवालाच्या भाषेत रूपांतर केलं. सरांनी ते दोनदा वाचलं. "चांगलं झालंय," ते म्हणाले. "आता हे कुणाला कळणार न्हाई."

भेगेपुढे सरांना नातं दिसत नसे. मुलीसाठी स्थळ बघायला ते उदगीरला गेले होते. मुलाचे वडील व्यापारी, घर दुमजली. पोहे आले तेव्हा सर बैठकीत नव्हते. ते घराच्या मागच्या अंगाला सापडले, न्हाणीच्या भिंतीला कान लावून. परत येऊन त्यांनी होणाऱ्या व्याह्यांना सांगितलं, "अप्पा, पोरगा चांगला हाय. पण सोयरिकीचं मागून बोलू. आदी मोरी बगा. पाणी पायात मुरायलंय तुमच्या." व्याही संतापले. सरांच्या पत्नी परतीच्या एसटीत लातूरपर्यंत बोलल्या नाहीत. पंधरा दिवसांनी उदगीरहून फोन आला. मोरी उकरली होती, नळी फुटलेली होती. "आमच्या गवंड्याला तीन वर्षं कळलं न्हाई," व्याही म्हणाले, "असला माणूस नात्यात असलेला बरा." लग्न झालं. मुलगी आता नांदेडला असते.

समिती यायच्या वर्षी प्राचार्यांनी ठरवलं की हा विषय काढायचा. त्याच्या जागी 'स्मार्ट शहरे आणि कृत्रिम बुद्धिमत्ता' आणायचा. "सर, तुम्हीच सांगा," ते भर बैठकीत म्हणाले, "पालकांना भेगा दाखवून प्रवेश होतात का?"

"बुद्धी कृत्रिम आसली तरी घर मातीवरच बांधणार न्हवं?" सरांनी विचारलं.

बरीच चर्चा होऊन निर्णय समितीवर सोडला गेला. तिनं विषयाला पुराव्यानिशी मान्यता दिली तर राहील. नाहीतर जूनपासून बंद. सरांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. त्या संध्याकाळी ते अकरा वर्षांच्या वह्या टेबलावर रचत बसले होते. इतकंच म्हणाले, "पुरावा भिंतीवर हाय. भिंत कुठं जाती?"

तयारी महिनाभर चालली. महाविद्यालयाचं ध्येयवाक्य सर्वांना पाठ असावं, असा आदेश निघाला. तो इतका कसोशीनं पाळला गेला की समितीच्या अध्यक्षांनी पहिल्याच दिवशी फाटकावरच्या पहारेकऱ्याला स्वच्छतागृह कुठं आहे असं विचारलं, तेव्हा त्यानं सावधान उभं राहून ध्येयवाक्य म्हणून दाखवलं. अध्यक्षांनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला.

प्रयोगशाळेच्या उत्तरेला मोकळी काळी जमीन होती. तिथं हिरवळ लावण्यात आली. मे महिना होता. रोज टँकरनं पाणी सुरू झालं, भिंतीच्या पायाला लागून. सरांनी प्राचार्यांना लेखी कळवलं की भिंतीला पाणी पाजू नये. पत्रावर 'बघितले' असा शेरा पडला. मग सर परीक्षेच्या कामासाठी चार दिवस उदगीरला गेले. परत आले तेव्हा उत्तरेची भिंत साईच्या रंगाची, गुळगुळीत आणि कोरी होती.

रंगारी गफूरभाई शिडीवरून अभिमानानं म्हणाले, "लई घाण रेघा होत्या सर. पोरांनी भिताड पार खराब केल्तं. पुट्टी भरली, तीन हात मारले, तवा गेल्या."

सर स्टुलावर बसले. मग विचारलं, "पुट्टी कितीची भरली, गफूरभाई?"

"भरली की बोटभर."

"बरं केलं," सर म्हणाले. आवाज पडलेला होता.

समिती पहिल्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेत आली. अध्यक्ष तेलंगणातले निवृत्त प्राध्यापक होते, पांढऱ्या मिशांचे, कमी बोलणारे. त्यांनी वह्या चाळल्या. आकडे नीट होते, सह्या नीट होत्या. त्यांनी वही मिटली.

"कापी तो सबके पास रहती," ते म्हणाले. "मैं चालीस कालेज देखा. सबकी कापी ऐसीच सुंदर रहती. दीवार बताओ."

सगळे भिंतीकडे वळले. भिंतीवर काही नव्हतं. प्राचार्य पुढं झाले आणि परिसर सुशोभीकरणाविषयी बोलू लागले. अध्यक्षांनी हात वर केला आणि सरांकडे पाहिलं.

सर म्हणाले, "दीवार हय साब. रंग के नीचे हय." त्यांनी कानावरची पेन्सिल काढली. प्राचार्य 'सर, सर' म्हणेपर्यंत कोऱ्या रंगावर तीन रेघा उमटल्या होत्या आणि तिन्हींशेजारी त्या दिवसाची तारीख. "यहां से निकलेगी. यहां मुडेगी. यहां रुकेगी. आप जाने के पहले."

"कैसे बोले आप?"

सरांनी खिडकीतून हिरवळीकडे बोट दाखवलं. टँकर पाणी सोडत होता. "दस दिन से पिला रहे. काली मिट्टी हय. कबतक चुप बैठेगी?"

अध्यक्षांनी खिडकीतून वाकून पाहिलं आणि स्वतःच्या वहीत काहीतरी लिहिलं.

समितीची पाठ वळताच प्राचार्यांनी माळ्याला पाणी बंद करायला सांगितलं. संध्याकाळी फिरायला निघालेल्या अध्यक्षांनी ते पाहिलं आणि चालू ठेवायला सांगितलं. प्रयोग अर्धवट सोडायचा नसतो, असं त्यांचं म्हणणं होतं. माळी देवबा पाइप धरून उभा राहिला. "एक सायेब म्हनतो सोड, एक म्हनतो बंद कर. आता म्या गवताला इचारू का?"

दुसऱ्या दिवशी कामकाज इतर विभागांत होतं, पण चहाच्या सुट्टीत सगळे उत्तरेच्या भिंतीपाशी जमत होते. संगणक विभागाचे प्राध्यापकही आले, जे एरवी स्थापत्य विभागाच्या जिन्यानंही जात नसत. भिंत कोरी होती. प्राचार्यांची अडचण अशी की भेग आली तर इमारतीची शोभा होणार, न आली तर अभ्यासक्रमाची. ते भिंतीजवळ यायचे आणि न बघता जायचे. गफूरभाई मात्र पैज लावायला तयार होते. "माझी पुट्टी फुटत नसती सर. ल्ह्यून देतो."

"फुटू दे रं बाबा एवढ्या बारीला," सर म्हणाले. त्या दिवशी ते डबा न उघडताच घरी गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी साडेआठला पोचलो. सर आधीच भिंतीसमोर होते. पहिल्या रेघेपासून केसाएवढी भेग निघाली होती. दुसऱ्या रेघेपाशी ती वळली होती, सांगितल्याप्रमाणे. तिसऱ्या रेघेपाशी मात्र ती थांबली नव्हती. वीतभर पुढं गेली होती.

मी अभिनंदन केलं. सरांनी ते घेतलं नाही. त्यांनी तिकिटाची घडी लावून पाहिली, वीतभर पुढं नवी रेघ मारली, तारीख टाकली आणि वहीत लिहिलं: 'दोन अंदाज बरोबर. तिसरा चुकला. कारण कळले नाही. मुलांना शोधायला देणे.'

प्राचार्य मागून वाचत होते. "सर, 'कळले नाही' तेवढं खोडा," ते हळू आवाजात म्हणाले. "कमिटी बघेल."

"बगावं की. त्येच्यासाठीच आली न्हवं?"

अध्यक्षांनी भेग पाहिली, मग वही पाहिली आणि शेवटची नोंद मला वाचून दाखवायला लावली. मी तिचं हिंदी केलं. ते म्हणाले, "तीन दिन में ये पहला आदमी मिला जो बोला, नहीं मालूम." समारोपाच्या बैठकीत त्यांनी विषय चालू ठेवावा असं सांगितलं आणि हिरवळ भिंतीपासून लांब न्यावी असंही. निरोपाचा सामूहिक फोटो त्यांच्या आग्रहावरून उत्तरेच्या भिंतीसमोर काढला गेला. त्यात प्राचार्य भेगेला पाठ लावून उभे आहेत, पण ते उंचीनं कमी असल्यामुळे ती त्यांच्या डोक्यावरून निघालेली दिसते.

विषय राहिला. तिसरा अंदाज का चुकला हे पुढच्या वर्षी उदगीरच्याच एका विद्यार्थिनीनं शोधलं. पायाखालून जुनी नळी गेली होती. सरांनी तिला पैकीच्या पैकी गुण दिले आणि वर्गात सांगितलं, "मला मोरीचं सुचाया पायजे होतं. व्याह्याला सांगतो आन् सोताच इसरतो."

निवृत्तीनंतर सर नांदेडला मुलीकडे राहायला गेले. सहावा मजला, नवी इमारत. फोनवर आवाज मलूल असे. "भिंती गप हाईत हितं. वेळ जात न्हाई." पुढं प्रकृती बिघडली. मी भेटायला गेलो तेव्हा ते पलंगावर होते आणि चेहरा उजळलेला होता. बाल्कनीच्या दाराच्या वर, भिंतीत, त्यांना एक भेग सापडली होती.

"बाबा, तिच्यात तिकिटाचा एक पदरही जात नाही," मुलगी म्हणाली. "रंगाची आहे ती."

"आसंल. खुर्ची घ्या," सर मला म्हणाले. त्यांना उठवत नव्हतं, म्हणून पेन्सिल माझ्याकडे दिली. मी खुर्चीवर चढून रेघ मारली, तारीख टाकली. मी उतरल्यावर ते म्हणाले, "एका तारखेनं काय कळत न्हाई. पुन्ना यावं लागतंय. वाढली का थांबली, ते दुसऱ्या तारखेला कळतंय."

दुसऱ्या महिन्यात सर गेले. अंत्यविधीला मला पोचता आलं नाही. नंतर गेलो तेव्हा मुलीनं दार उघडलं, 'या, बसा' म्हणाली. मी बाल्कनीच्या दाराकडे बघत होतो. ते तिच्या लक्षात आलं. तिनं खुर्ची आणली. मी लातूर-नांदेडच्या तिकिटाची घडी लावून पाहिली. आत गेली नाही. भेग रेघेपाशीच होती.

"थांबलीय?" तिनं विचारलं.

"थांबलीय."

ती आत गेली आणि चपटी पेन्सिल घेऊन आली. मी पहिल्या तारखेखाली दुसरी तारीख टाकली. मग खाली बसून चहा घेतला.