बाईंनी परत पाठवलेलं चित्र

सात ऑगस्ट, शनिवार. वरण उघड्या पातेल्यात शिजत ठेवलं होतं आणि मी वरचा फेस काढत होते. कुकर असून नसल्यासारखा. शिट्टी झाली की मुलाचं लक्ष उडायचं. तो बारावीला होता. त्याच्या कोचिंगसाठी मी नांदेडचं घर सोडून लातुरात एक खोली घेतली होती आणि चौथीतल्या मुलीचं नाव इथल्याच शाळेत घातलं होतं. नवरा नांदेडला नोकरीवर, शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं यायचा. इमारतीत सगळ्या खोल्यांत अशाच आया. भूकंपानंतरचं बांधकाम, एकदम पक्कं, असं घरमालक सांगायचे. असेल. भिंतीपलीकडचं पान उलटलेलं मात्र ऐकू यायचं.

मुलीनं वही पुढं केली. रोज चार ओळी लिहायच्या आणि एक चित्र काढायचं, असं शाळेनं सांगितलं होतं. त्या दिवशीचा विषय होता माझे घर. बाईंनी लाल शाईनं शेरा दिला होता, ‘हे घर नाही. पुन्हा काढणे. पालकांची सही.’

चित्रात जिना होता. पायऱ्यांवर मुलं बसलेली, मांडीवर ताटल्या. मागं सगळी दारं बंद.

"अगं, घर काढायचं होतं ना?"

"घरच हाय की."

"हा जिना आहे."

"मग मी असते कुठं?"

मी मागची पानं उलटली. ‘आज दादाची टेस्ट होती. आम्ही जिन्यात जेवलो.’ ‘आज खोकल्याची शर्यत लावली. जो दाबून धरेल तो जिंकला. मी जिंकले.’ ‘आज बाबा आले. दादाला मार्क विचारले.’ या पानावर बाबांची नुसती पाठ होती आणि हातात पिशवी. इमारतीतली सगळी धाकटी भावंडं शाळा सुटल्यापासून जिन्यात बसतात, हे आम्हा सगळ्या आयांना ठाऊक होतं. आम्हीच बसवत होतो.

नवरा आला. चपला काढता काढता मुलाला विचारलं, "किती पडले?" मग हात धुऊन ताटावर बसला. मी त्याच्यासमोर वही ठेवली.

"अहो, मी हिला घेऊन नांदेडला जाते."

त्यानं पानं चाळली आणि हसला. "माझं टक्कल बरोबर काढलंय पोरीनं. बाकी काय झालं?"

"दिसत नाही का?"

"अगं, ती चौथीला हाय. त्याचं वर्ष हाय हे. थोडे महिने कळ काढ की."

"कळ मी कुठं काढून राहिले? ती काढून राहिली."

"अन् याला जेवायला कोण घालणार?"

"मेस आहे. वरच्या खोलीतली पोरं तिथंच जेवतात, मेली नाहीत अजून."

टेबलावरून मुलगा मान न वळवता म्हणाला, "आई, जरा हळू बोला ना."

पुढं मुलाला एमबीबीएस मिळालं नाही. तो आता औषधांच्या कंपनीत आहे, बरा कमावतो. तरी नणंद प्रत्येक लग्नात सांगते, "ऐन वेळेला आई उठून गेली हो." मुलगाही तेच हसत सांगतो, बायकोसमोर. मुलीचं भलं झालं म्हणावं, तर नांदेडला आल्यावर तिनं चित्रं काढणंच सोडलं. विमा कार्यालयात आहे. घरात कुणी वाचत बसलेलं दिसलं आणि खोकला आला, की अजूनही उठून बाहेर जाते. म्हणजे मी निघायलाही उशीरच केला होता, पण ते कुणी बोलून दाखवत नाही. बोल लागतो तो निघाल्याचा.

त्या शनिवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलीचे कपडे आणि दप्तर पेटीत भरलं, शनिवारी आला की लागतील म्हणून नवऱ्याला पीठ आणि डाळीचे डबे दाखवले, मेसवाल्याला एक ताट वाढवायला सांगितलं आणि अहमदपूरवरून जाणारी नांदेडची पहिली गाडी धरली.