न पडलेल्या पाकळ्या

मुलांनो, दर रविवारी फोनवर तुम्ही विचारता, धाकट्या आजोबांनी काय ठरवलं? तुमच्या आजोबांचे हे भाऊ नंदिगड्ड्याच्या पुढे, जंगलातल्या वाडीत एकटेच राहतात. गेल्या महिन्यात मी रामनगरहून त्यांना आणायला गेले होते. काय झालं ते क्रमाने लिहिते.

सुपा धरणाच्या वेळी आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. पाणी चढलं, भांडी उचलून निघालो. आम्ही रामनगरला आलो, भावजी वरच्या वाडीत गेले. तेव्हा रडलो, पण दोष कुणाला द्यायचा ते ठाऊक होतं. या वेळी जंगल खात्याने विचारलं, स्वखुशीने उठता का? वाडीला उत्तर देववेना, म्हणून देवाला कौल लावला. पाषाणाच्या दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर जायचं, डावी पडली तर राहायचं. प्रत्येक घरचा माणूस हजर लागतो. सगळ्यांच्या वतीने प्रश्न भावजींनी घातला. डावी पडली.

पुढच्या पावसाळ्यात शेजारची सून बाळंतपणात अडली. ओढ्याला पूर. खुर्चीला बांधून नेताना वाटेतच गेली. भावजींना कुणी एक शब्द बोललं नाही. दिवाळीनंतर मात्र घरं एकामागून एक उठली, देवाला न विचारता.

मी पोचले तेव्हा भावजी पडवीत कोयता घासत होते.

"कपडे भरा. दुपारची बस आहे," मी वर्गातल्या बाईंच्या सुरात म्हटलं.

"आलात व्हय वैनी? शाळेची घंटा पन आनलीय काय?"

"चेष्टा पुरे. इथे कोण आहे तुमच्याजवळ?"

"देव हाय. त्यानंच न्हाई म्हटलंय जायाला."

"बाकीचे गेले की."

"ते गेले तर गेले. देवाला इचारलं हुतं ते मी."

"मग परत विचारा."

"कुनासमोर? मानसं कुठं हायत?" असं म्हणाले, तरी उठले.

देवळात जास्वंदीच्या दोन पाकळ्या भिजवून त्यांनी पाषाणाला लावल्या. गाऱ्हाणं घातलं. मग आम्ही दोघं वाट बघत राहिलो. उन्हाची तिरीप पायरीवरून सरकली, बसची वेळ टळली. पाकळ्या कडांनी वाळून वळल्या, पण पडल्या नाहीत.

"बघा, देवाला पन नको झालंय ठरवायला," भावजी हसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वैनी, तुम्ही शिकलेल्या. फुंका की उजवीवर. मी तिकडं बघतो."

आणि खरंच पाठ करून बसले.

आपला निर्णय आपण घ्यावा, हे मी जन्मभर वर्गात शिकवलं. पाकळी हाताच्या अंतरावर होती. मला रामनगरची पत्र्याची खोली दिसली, तिच्या खिडकीशी शेताविना बसलेले भावजी दिसले. एका सकाळी ते उठले नाहीत तर लोक विचारतील, यांना इथे आणलं कुणी? मी फुंकले नाही. डावीलाही हात लावला नाही. म्हणजे राहा असंही आपण सांगितलेलं नाही, असं मनाशी म्हणत राहिले. ते खरं नव्हतं.

बऱ्याच वेळाने भावजी वळले. आधी पाकळ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"चला, भात टाकतो," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच परतले. अजून काही ठरलं नाही, असं मी तुम्हाला फोनवर सांगते. ओढा भरून वाडीची वाट बंद व्हायला आता थोडेच दिवस आहेत. मग तेवढंही सांगावं लागणार नाही.