कापलेले अकरा सेकंद

हे मी आजवर टाळत आलो. पक्ष्यांच्या आवाजांवर व्याख्यानं दिली, शाळाशाळांतून कोतवाल आणि सुगरण ऐकवली, पण दौंडच्या माळावरची ती सकाळ कधी सांगितली नाही. गेल्या महिन्यात उत्तमराव गेल्याचं कळलं. आता टाळण्यात अर्थ नाही.

उत्तमराव सोनवणे वनखात्याचे रोजंदारीवरचे वॉचर. मी शिरूरचा, चाळीस वर्षं पक्ष्यांचे आवाज रेकॉर्ड करण्याची नोकरी केली. निवृत्तीनंतर एका कन्सल्टन्सीसाठी सर्व्हे करायचो. त्या माळाच्या एका तुकड्यावर एका कंपनीचं गोडाऊन होणार होतं. अट अशी होती की, जमिनीवर अंडी किंवा पिल्लं आढळली तर ती उडती होईपर्यंत जेसीबी लावायचा नाही. उत्तमरावांनी लेखी कळवलं होतं : प्लॉटवर माळटिटवीची पिल्लं आहेत. ते तपासायला मला पाठवलं.

त्यांना कायम करण्याचा प्रस्ताव रेंज ऑफिसात पडून होता. खोटी माहिती दिली असा शेरा बसला, तर तो तिथंच संपणार होता. हे मला जाताना जीपमध्येच कळलं होतं.

एप्रिलचे दिवस. सातलाच ऊन चढलेलं. टिटवीचा आवाज आला, पण पक्षी दिसेना. समोर खुरट्या बोरीवर एक चंडोल बसला होता. चंडोल म्हणजे नकलाकार. स्वतःच्या गाण्यात तो इतर पक्ष्यांचे आवाज बेमालूम मिसळतो.

"उत्तमराव, हा चंडोल आहे. नक्कल करतोय."

"न्हाई साहेब. चंडोल एकाची नक्कल किती येळ करंल? लगीच दुसऱ्याचा आवाज काढतोय त्यो. ह्ये एकच चाललंय. आन् मधी गप बसतंय बगा. वरडलं की पिल्लं जमिनीला चिकटत्यात. गप झालं की चालाया लागत्यात. ती गप ऐका."

मी माइकला आवाज गोळा करणारी डिश लावून चार मिनिटं रेकॉर्डिंग केलं. आमच्या कामात एक रिवाज आहे. रेकॉर्डिंगच्या शेवटी माइकमध्येच बोलायचं : जागा, वेळ, पक्षी, ओळखणाऱ्याचं नाव. याला आम्ही अनाउन्समेंट म्हणतो. कागद हरवतात, आवाजाला चिकटलेला आवाज हरवत नाही.

"मी बोलू का?" उत्तमरावांनी विचारलं. मी माइक पुढे केला. त्यांनी टोपी सारखी केली, जणू कुणी त्यांना बघणार होतं.

"माळटिटवी, जोडी. पिल्लं खाली बसल्याली. ओळखणार, उत्तम सोनवणे."

मग तासभर शोधलं. पिल्लू दिसलं नाही. त्यांचा रंग मुरमाचाच असतो. पायाखाली आलं तरी कळत नाही. तेवढ्यात कंपनीचा सुपरवायझर आला.

"काय डॉक्टर सोनवणे, सापडली का पिल्लं? का तुमच्याशी फक्त फोनवर बोलत्यात?"

त्याची माणसं हसली. उत्तमरावही हसले. "तुमच्या बुटाखाली बगा आधी," ते म्हणाले.

माझा फोन वाजला. कन्सल्टन्सीच्या मॅडम होत्या. "सर, फोटो आहे?"

"नाही. आवाज आहे."

"आवाज कन्फर्म आहे का? कंपनीचे लोक मेलची वाट बघतायत."

सगळे माझ्याकडे बघत होते. चाळीस वर्षांचा एक्सपर्ट, आणि त्याला वॉचर चुकीचं ठरवणार? मी म्हणालो, "चंडोल आहे. मिमिक्री. वॉचरचा गैरसमज झालाय."

उत्तमरावांनी पाण्याची बाटली उचलली आणि ते माझ्या पुढं चालू लागले.

माळावर झाली ती चूक. खोटेपणा घरी झाला. दुपारी मी रेकॉर्डिंगचा स्पेक्ट्रोग्राम काढला. स्पेक्ट्रोग्राम म्हणजे आवाजाचं चित्र. स्वर किती वर गेला, किती टिकला, ते दिसतं. चार मिनिटांत चंडोलाचं स्वतःचं गाणं दोनदाच आलं, तेही पुसट, डिशच्या रोखाबाहेरून. उरलेली एकच हाक. चार-पाच हाका, मग शांतता. पुन्हा हाका, पुन्हा शांतता. उत्तमराव म्हणाले होते तसंच. दोन पक्षी आळीपाळीनं ओरडत होते, हेही दिसत होतं.

तेव्हा तीन वाजले होते. जेसीबी दुसऱ्या दिवशी येणार होता. एक फोन पुरला असता.

मी फोन केला नाही. शेवटचे अकरा सेकंद, उत्तमरावांचा आवाज असलेले, कापले. त्या जागी माझ्या आवाजात 'चंडोल' म्हटलं आणि फाइल पाठवली. रिपोर्टात एक ओळ घातली : स्थानिक ओळख विश्वासार्ह नाही.

दोन दिवसांनी राहिलेल्या नोंदींसाठी पुन्हा गेलो. माळाचा तो तुकडा पाटीसारखा सपाट झाला होता. दोन टिटव्या त्यावर घिरट्या घालून ओरडत होत्या. मी घड्याळ लावून उभा राहिलो. मध्ये एकदाही थांबल्या नाहीत. गप बसायचं कुणासाठी?

उत्तमराव तिथं नव्हते. त्यांना खात्याच्या पक्षीगणनेच्या कामातून काढलं होतं. कायम करण्याचा प्रस्ताव परत आला. पावसाळ्यानंतर ते कुरकुंभला एका केमिकल युनिटच्या गेटवर सिक्युरिटीला लागले, शिफ्टमध्ये.

यातून शिकण्यासारखं एवढंच, की कानांपेक्षा नाव मोठं झालं की रेकॉर्डिस्टनं मशीन बंद करावं. मी त्यानंतरही सहा वर्षं काम केलं.

दोन वर्षांपूर्वी मूळ फाइल, त्या अकरा सेकंदांसकट, पेनड्राइव्हवर घेतली. न्हावऱ्यावरून चौफुल्याला आणि तिथून कुरकुंभला गेलो. वाटभर वाक्य घोकलं : उत्तमराव, ती माळटिटवीच होती, मला त्याच दुपारी कळलं होतं आणि तुमचा आवाज मी कापला.

ते गेटवरच होते. मिशा पांढऱ्या झालेल्या. मला बघून खुर्ची सोडून उठले.

"साहेब! या, बसा. उन्हाचं कुठं निगालाव?" त्यांनी आपल्या थर्मासमधला चहा मला दिला. मग माझ्या मुठीकडे बघितलं. "पेनड्राइव आत चालत न्हाई बरं का. हितं ठिवावा लागंल."

"मला आत जायचं नाही."

"मग?"

तेवढ्यात एक टँकर आला आणि ते नंबर लिहायला गेले. परत आले तेव्हाही ते तसेच माझ्याकडे बघत होते, विचारल्यासारखे. घाई करत नव्हते.

मी पेनड्राइव्ह खिशात ठेवला आणि म्हणालो, "चहा छान झालाय, उत्तमराव."