रांगेच्या बाजूचे काका

“रांग कुठंय?” असं विचारून काका उभ्या तळहातानं हवेत सरळ रेघ ओढायचे. महाप्रसाद असो की अमेरिकेत, कॅरी गावातल्या आमच्या अपार्टमेंटची लिफ्ट. लिफ्टपाशी आम्ही दोघंच असलो तरी.

ते वरच्या मजल्यावर लेकीकडे राहायला आले होते. सारी नोकरी नागपूरला, सरकारी घरं वाटण्यात. पुढं सरकारनं जमिनी बिल्डरांना दिल्या, रांग गेली आणि बोली आली. काका रिटायर झाले, पण रांग काही अंगातून गेली नाही. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील.

आम्ही तेव्हा विकत घ्यायला घर शोधत होतो. भाडं वाढलं की घर बदला, घर बदललं की पोरीची शाळा बदला. “आय डोन्ट वॉन्ट न्यू फ्रेंड्स अगेन,” ती म्हणायची. ऑफर मात्र दरवेळी दुसऱ्याचीच मान्य व्हायची.

एका रविवारी विक्रीचं घर बघायला, ओपन हाउसला, काकांनाही नेलं. अंगणात ही गर्दी! घरमालकीण आजी व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलेल्या.

“रांग कुठंय?”

“काका, इथं बिडिंग असतं. जास्त देईल त्याचं घर.”

“अन् गरज कोणाची, हे कोणीच नाही विचारत?”

मी अडवेपर्यंत काका पायरीवर चढले होते. “हाउ मेनी इयर्स ऑन रेंट?” प्रत्येकाला विचारत त्यांनी सगळ्यांना ओळीत उभं केलं. लोक हसत हसत उभेही राहिले! पहिला नंबर एका नर्सबाईंचा आला; काकांचं ‘रांग कुठंय?’ त्यांनी हातवाऱ्यासकट हसत गिरवूनही घेतलं. आमचा दुसरा.

“अहो काका, तुम्ही आमच्या बाजूचे ना?”

“मी रांगेच्या बाजूचा. काहून चिडतेस?”

चिडणार नाही तर काय! त्यात आजी मोठ्यानं हसल्या आणि खरंच त्या नर्सबाईंना घर विकून मोकळ्या झाल्या. मी दोन दिवस काकांशी बोलले नाही. मग त्यांनीच डबाभर चिवडा आणून दिला. “वेटिंगवर आहेस. नंबर सोडू नकोस.”

व्हिसाची मुदत संपली आणि काका नागपूरला परतले. पुढच्या वसंतात एका अनोळखी नंबरवरून फोन आला. त्याच नर्सबाई, आजींकडून आमचा नंबर मिळवून. त्यांच्या शेजारचं घर विकायला निघणार होतं, मालकांनी अजून एजंटला कळवलं नव्हतं. “यू वेअर नंबर टू, राइट?”

वास्तुशांतीला घर माणसांनी भरलं. पोरीनं शाळेतल्या सगळ्या मैत्रिणी बोलावल्या होत्या, जुन्या, त्याच. जेवणाच्या टेबलाभोवती झुंबड उडाली. काका हवे होते, फार हवे होते, असं मनात आलं, तेवढ्यात दारातून आवाज आला, “रांग कुठंय?”

नर्सबाई तळहात उभा धरून हवेत रेघ ओढत होत्या.