शेवाळवाली

डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, विलासच्या रक्तातल्या जंतूंवर आता एकही औषध चालत नाही. विलास माझा मुलगा. शीळफाट्याला बाइक घसरून पाय फाटला, तिथून हे सुरू झालं. मी पिशवीतला डबा काढून शेजारी बसलेल्या शेवाळवालीच्या, आमच्या भाडेकरणीच्या, हातात दिला. सकाळी मोरीमागच्या भिंतीवरचं शेवाळ उलथन्याने खरवडून मीच भरला होता. म्हटलं, "कर ह्याचं औषध."

तिने झाकण घट्ट लावलं आणि डबा स्वतःच्या पिशवीत टाकला. "नाही होणार, काकू. ह्यात विषसुद्धा असू शकतं."

नाही म्हणायचं असलं की ती असंच सरळ म्हणायची. गोड करून सांगणं तिला जमत नसे.

मोहने गावात आमच्या वरच्या खोलीत ती भाड्याने राहायची. ठाण्याला प्रयोगशाळेत कामाला. टाकी गळून भिंत जिथे निळी-हिरवी व्हायची, तिथे ही चमचा घेऊन उकिडवी बसलेली. विलास ओरडायचा, "आई, मोरी झाक, शेवाळवाली आली."

मान वर न करता ती म्हणायची, "शेवाळ नाही रे, जंतू आहेत. उन्हावर जगतात. तुझ्यासारखे आईच्या जिवावर नाही."

मी चौथी शिकलेली. एकदा ओट्यापाशी उभी राहून तिने मला समजावलं. दुसऱ्या जंतूंना मारणारे प्रथिनांचे बारके तुकडे कसे बनवायचे, ते ह्या भिंतीवरच्या जंतूंच्या आत लिहिलेलं असतं. कॉम्प्युटरवर ते वाचता येतं.

"पण कृती लिहिलेली आहे म्हणजे स्वयंपाक झाला असं नाही, काकू. कितीकजण ती कृती वापरतच नाहीत."

"मग तू रांध."

"तेच बघतेय. रांधलं तरी माणसाला सोसेल का, ते पुढचं."

"म्हणजे औषध नाही."

"नाही."

इस्पितळात कोणी अंगारा आणला, कोणी म्हणालं सगळं ठीक होईल. ती तसं कधी म्हणाली नाही. कामावरून थेट यायची, सुनेला घरी पाठवायची आणि माझ्या शेजारी बाकावर बसायची. मला तेवढंच सोसत होतं.

पुढे ती ठाण्यातच, वर्तकनगरला राहायला गेली. टेम्पोत सामान चढवताना म्हणाली, "काकू, भिंतीवरच्या एका जंतूची कृती रांधून थोडं निघालंय. बशीतले रोगाचे जंतू मेले."

"आणि माणसाचं?"

"ते अजून माहीत नाही."

मी तिला पोळ्या बांधून दिल्या.

विलास त्याआधीच गेला होता, इस्पितळातून परत आला नाही. सून आणि मी राहिलो.