अर्धी रोझरी

जिनिंगमध्ये काम केलेल्या माणसानं घरी येऊन कपडे कितीही झटकले तरी रुई कुठून ना कुठून निघतेच. कानातून निघते, खिशातून निघते, एकदा तर माझ्या भाकरीतून निघाली होती. खामगावचे किस्से माझ्याकडून असेच निघतात. ते गाव सोडून जमाना झाला. पण नाताळ जवळ आला, चर्चच्या पायरीवर तुम्ही चार टाळकी भेटलात, की एखादा निघतोच. ऐकायचं तर ऐका, पण मध्ये बोलू नका. मला ते खपत नाही.

नवीन आहेत त्यांच्यासाठी सांगतो. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मी वसईतच फिटरचं काम शिकलो आणि नोकरी लागली ती थेट बुलढाणा जिल्ह्यात, खामगावच्या एका जिनिंग फॅक्टरीत, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात. तिथे सगळे मला पास्कल मिस्त्री म्हणायचे. गावात मिशनवाले ख्रिस्ती होते, भली माणसं, पण त्यांच्यात माळेवर म्हणायची रोझरी नाही. आपला फादर अकोल्याहून कधीतरी यायचा. बाकी सगळा कापूस, आणि त्यात मी एकटा.

*

आपल्याकडे दुपारी बाराला घंटा झाली की असू तिथे उभं राहून आंजेलुसची प्रार्थना म्हणतात. खामगावात घंटा कुठली? बाराला फॅक्टरीचा भोंगा व्हायचा, जेवणाच्या सुट्टीचा. म्हटलं, हीच आपली घंटा. पहिल्याच दिवशी भोंगा झाला तसा मी मशीनसमोर उभा राहिलो, टोपी काढली, मान खाली घातली आणि डोळे मिटले.

डोळे उघडून पाहतो तर जेवायला कोणी गेलेलंच नाही. सगळ्या कामकरी बाया माझ्यामागे गुमान उभ्या. एकीनं तर पदर डोळ्याला लावलेला. तेवढ्यात काट्यावरचा वानखडेबाबू धावत आला. त्याचं काम कापूस तोलायचं, पण फॅक्टरीत कुठं खुट्ट झालं की हा पहिला हजर.

"काय झालं मिस्त्री?"

"काही नाही. प्रार्थना करत होतो."

"हात् तुमच्या! मले वाटलं मशीन मेली!"

*

भोंगा वाजवायचा तो बॉयलरवरचा करीमचाचा. आधी बाराचा भोंगा त्याच्या बिडीवर चालायचा. बिडी संपली की बारा वाजले. मी का उभा राहतो हे त्याला कळलं आणि त्या दिवसापासून भोंगा घड्याळाला लागला. आठवड्याभरात मॅनेजरच्याही ते लक्षात आलं. त्यानं विचारलं, "काय करीम, आता बरोबर वेळेवर?"

करीमचाचा म्हणाला, "साब, पहले तो सिर्फ मजदूर राह देखते थे."

*

वानखडे माझा शेजारीसुद्धा. फॅक्टरीच्या आवारात पत्र्याच्या खोल्या होत्या. माझी आणि त्याची खोली एकच, मध्ये पत्र्याचा आडोसा. त्याच्या घरात कांदा चिरला की पाणी माझ्या डोळ्यांना. सुशीलावहिनी, म्हणजे त्याची बायको, माझाही डबा भरायची. आम्ही दोघं काट्याच्या शेडमध्ये जेवायला बसायचो.

मी जेवणाआधी क्रुसाची खूण करायचो, देवाचे उपकार मानायचो. वानखडे हात आवरून बघत बसायचा. बरेच दिवस त्यानं कळ काढली. मग एकदा म्हणाला, "माशा उडाल्या मिस्त्री. जेवा आता."

मी चिडलो. त्याला सगळं समजावून सांगितलं, अन्न देणाऱ्याचे आभार कसे मानायचे ते. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि वहिनींचा ठेचा माझ्या भाकरीवर वाढला. पहिल्या घासाला माझ्या तोंडातून शब्द फुटेना, नाकाडोळ्यांतून धारा.

"आमच्यात थे आभार जेवल्यावर लागतात," वानखडे म्हणाला.

*

हसताय, हसा. पण तिथला नाताळ सांगतो. डिसेंबरात कापसाचा हंगाम भरात. बैलगाड्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत. मी रजेचा अर्ज घेऊन मॅनेजरकडे गेलो. त्यानं वाचलासुद्धा नाही. "मिस्त्री," तो म्हणाला, "कपाशी नाताळ पाळते का?"

नाताळच्या संध्याकाळी मी कामट्या आणि पतंगाचा कागद आणून तारा केला, आत दिवा ठेवला आणि दारावर टांगला. इकडे तुम्ही सगळे चर्चमध्ये मिस्साला जाणार, आई पोरांना वड्या वाटणार, आणि मी पत्र्याच्या खोलीबाहेर उभा राहून माझाच तारा बघतोय. त्या दिवसाइतकं एकटं मला आयुष्यात वाटलं नव्हतं.

वानखडे आला. मान वर करून त्यानं बराच वेळ तारा पाहिला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून अगदी मायेनं म्हणाला, "दिवाळी होऊन गेली न मिस्त्री. कंदील उतरवा आता."

*

आता रोझरीचं. घरी आपली रोझरी कशी असते? एकानं 'नमो मरिये'चा अर्धा भाग म्हणायचा, उरलेला, 'पवित्र मरिये'पासूनचा, बाकीच्यांनी. आमच्याकडे मी सुरुवात करायचो आणि आई उत्तर द्यायची. एकट्यानं दोन्ही बाजू म्हणायच्या म्हणजे स्वतःच हाक मारून स्वतःच ओ द्यायची. पहिल्या हंगामात मला ते जमेना. सुट्टीत घरी गेलो तेव्हा आईला सांगितलं, मी रोझरी सोडली.

आई रागावली नाही. म्हणाली, "सात वाजले की तू तिथे तुझा अर्धा भाग म्हण आणि थांब. माझा मी इथे म्हणते."

तेव्हापासून रोज सातला मी अर्धं म्हणायचो आणि गप्प राहायचो. तेवढ्या वेळात आई तिकडे वसईला म्हणत असायची. पुन्हा अर्धं, पुन्हा गप्प. शपथ घेऊन सांगतो, मला ती म्हणताना जाणवायची.

पत्र्यापलीकडे वानखडेला मात्र माझाच आवाज ऐकू यायचा. एक दिवस त्यानं विचारलंच, "मिस्त्री, तुमचा देव ट्रंककॉलवर असते का? तुम्ही बोलता अन् मंग ऐकत बसता."

मी त्याला आईचं सांगितलं.  तो म्हणाला, "मंग ठीक आहे. मले वाटे, मिस्त्री एकटेच बडबडून राह्यले."

*

पुढच्या दिवाळीनंतर आई स्वतःच आली. वानखडे माझ्याबरोबर टांगा घेऊन स्टेशनवर आला आणि तिचं गाठोडं त्यानं मला उचलू दिलं नाही. महिनाभर राहिली. दिवसभर ती आणि सुशीलावहिनी बोलत बसायच्या. आईची बोली वसईची, वहिनींची वऱ्हाडी. एकीचं दुसरीला धड कळत नव्हतं. वानखडे म्हणायचा, "दोघीले समजत नाही म्हून बरं आहे. भांडण होत नाही."

त्या महिन्यात रोझरी पुरी होऊ लागली, दोन्ही आवाजांची. वानखडेची कुरकुर सुरूच. "आई, रोज तेच तेच काय सांगता? देवाले पहिल्या खेपेत ऐकू येत नाही का?"

आई म्हणाली, "त्याला येतं रे. मलाच माझं ऐकू यायला वेळ लागतो."

रोझरी संपली की आईचा एक नेम होता. त्या दिवशीच्या एका गोष्टीसाठी देवाचे उपकार मानायचे, मोठ्यानं. कालचं आज चालायचं नाही. एकदा तिनं सुशीलाच्या भाकरीसाठी मानले. एकदा विहिरीच्या पाण्यासाठी. एकदा करीमच्या भोंग्यासाठी.

दुसऱ्या दिवशी वानखडे काट्यावर माझ्याशी बोलेना. वजनं सांगेना. शेवटी फुटला. "बायकोचं नाव घेतलं, विहिरीचं घेतलं, भोंग्याचंबी घेतलं. स्टेशनवरून गाठोडं कोणं आणलं? माहं नाव काऊन नाही?"

मी घरी जाऊन आईला सांगितलं. आई तोंडाला पदर लावून हसली. त्या संध्याकाळी तिनं वानखडेचं नाव घेऊन, त्याचे हात, त्याचे पाय, त्याचं घर, सगळ्यासाठी देवाचे उपकार मानले. चांगला सावकाश वेळ घेऊन मानले.  मग पत्र्यापलीकडून एक खोकला आला आणि वहिनींचा आवाज, "झालं समाधान? बसा आता जेवाले."

*

त्याच्या पुढच्या साली डिसेंबरात तार आली. आई गेली.

नाताळची रजा मागितली तर कपाशी आडवी यायची. या वेळी मॅनेजरनं लगेच सही केली. मला त्याचा राग आला होता. अजून येतो. जलंबला गाडी बदलून वसईला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. भाऊ म्हणाला, नाताळपर्यंत थांब. मी थांबलो नाही. आई नसलेल्या घरात मला नाताळ नको होता. तिची रोझरी खिशात घातली आणि परत आलो.

नाताळची संध्याकाळ. तारा केला नव्हता. खोलीवर आलो, हातपाय धुतले, सातला गुडघे टेकले. पहिल्या 'नमो मरिये'चा माझा अर्धा भाग म्हटला आणि सवयीनं थांबलो. थांबल्यावर ध्यानात आलं की तिकडून आता कोणी म्हणणार नाही. उरलेलं मीच म्हणायला हवं. येत का नव्हतं मला? लहानपणापासून येतं. पण तोंडातून निघेना. तिचा भाग मी म्हटला की ती गेली हे मीच कबूल करणार होतो. मणी बोटांत धरून नुसता बसून राहिलो.

पलीकडे भाकरी थापल्याचा आवाज येत होता. तो थांबला.  मग पत्र्याच्या अगदी जवळून वानखडेचा आवाज आला, काट्यावर वजनं सांगायचा तसाच, सपाट.

"पवित्र मरिये, देवाच्या माते, आम्हा पाप्यांसाठी विनंती कर, आता आणि आमच्या मरणाच्या वेळी. आमेन."

माझी बोटं अजून त्याच मण्यावर.

"काऊन थांबले मिस्त्री? म्हणा न पुढचं. भाकर थंडी होऊन राह्यली."