बटन मालकानंच दाबायचं

व्होल्ट मोजायच्या मीटरच्या दोन्ही सुयांची टोकं आधी शर्टाच्या बाहीला पुसायची, मग बोर्डावर वाकायचं आणि म्हणायचं, "आधी मोज, मंग दाब." गिऱ्हाईक नवं असो की जुनं, भाऊंचं हे वाक्य ऐकल्याशिवाय कोणाची सुटका नसे. सगळं मोजून झालं की ते हात मागे घेत. स्वतः बटन कधीच दाबत नसत.

"बटन मालकानंच दाबाचं. चालला तं तुह्या हातानं, जळला तं तुह्या हातानं."

तुम्ही मलकापुरात स्टेशनकडून बाजाराकडे चालत आला असाल, तर त्यांचं टिनाच्या पत्र्याचं दुरुस्तीचं दुकान पाहिलं असेल. दारातच खिळ्याला एक इलेक्ट्रॉनिक बोर्ड टांगलेला असायचा, मधोमध जळून काळा पडलेला. बघणाऱ्याला वाटे, दुकानाची जाहिरात असेल. ती जाहिरात नव्हती. रस्त्यापलीकडे शेठचं शोरूम आहे आणि शेठने गादीवरून मान वर केली की समोर तोच बोर्ड दिसावा, अशा बेताने तो खिळा ठोकलेला होता.

तो बोर्ड जळला तेव्हा शेठ अजून शेठ नव्हते. घरोघरी लाइट फिटिंग करायचे. भाऊंचं व्हिडिओ गेमचं पार्लर होतं, नाणं टाकलं की चालणाऱ्या चार उभ्या पेट्या. त्यातल्या सगळ्यात चांगल्या पेटीचा बोर्ड शेठने एका मेळाव्यासाठी मागून नेला. भाऊंनी विश्वासाने दिला. शेठने त्याला जुन्या कॉम्प्युटरचा सप्लाय, म्हणजे वीज पुरवणारा डबा, जोडला. घरच्या फिटिंगमध्ये लाल वायर म्हणजे फेज, करंटची, जपून हात लावायची. म्हणून ते लालला घाबरले आणि बोर्डाला जिथे पाच व्होल्ट लागतात तिथे त्यांनी पिवळी वायर दिली. कॉम्प्युटरच्या सप्लायमध्ये उलटं असतं. लाल पाचची आणि पिवळी बाराची. पाचच्या जागी बारा गेले आणि बोर्डातून धूर निघाला.

चूक कोणाच्याही हातून होते, इथवर मला काही म्हणायचं नाही. पण परत आल्यावर हा माणूस बाजारातल्या चहाच्या टपरीवर उभा राहिला आणि चारचौघांत म्हणाला, "बोर्डच सडका व्हता त्याचा. सगळाच माल तसा हाये." आमच्या गावात असं वाक्य एसटीच्या आधी पोचतं. पार्लर ओस पडलं, दुरुस्तीला येणारेही दुसरीकडे जाऊ लागले. भाऊ भांडायला गेले नाहीत. त्यांनी खिळा ठोकला आणि टीव्हीचे रिमोट दुरुस्त करत बसले.

मी इथल्या कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. तीनेक वर्षांपूर्वी मला भंगारात एक जुना गेमचा बोर्ड मिळाला आणि तो घरी चालवायचं खूळ डोक्यात शिरलं. सप्लाय जोडला, चित्र आलं, पण दर दोन मिनिटांनी गेम आपोआप पहिल्यापासून सुरू व्हायचा. भाऊंकडे नेला.

"मोजलं काय?"

"मोजलं ना. बरोबर पाच आहेत."

"कुठी मोजलं?"

"सप्लायवर."

त्यांनी कपाळाला हात लावला. "सप्लायच्या तोंडाशी काऊन मोजतं बे? बोर्डाच्या तोंडाशी मोज. मोटर विहिरीवर कितीबी जोर मारंल, पाइप बारीक असंल तं शेवटच्या वाफ्याले काय भेटंल?"

बोर्डाच्या टोकाला मोजले तर साडेचारच भरले. माझ्या वायरी केसासारख्या बारीक होत्या. त्यांनी पाचला दोन जाड वायरी दिल्या, परतीच्या वायरीही दोन जाड दिल्या. मग माझा सप्लायच नापास केला. माझ्या बोर्डाच्या आवाजाला उणे पाच व्होल्ट लागत होते आणि आताच्या कॉम्प्युटरच्या सप्लायमध्ये ते येतच नाहीत. "चित्र दिसंल, पण मुका राहील बिचारा." त्यांनी गेमच्या पेटीचाच सप्लाय मागवला, बोर्ड जोडून सप्लायवरचा छोटा स्क्रू केसभर फिरवला, पाच पॉइंट एकवर, म्हणजे अगदी हवा तिथे, आणून सोडला आणि हात मागे घेतला. बटन मी दाबलं. त्या दिवसापासून मी त्यांच्या दुकानाच्या बाकावरचा कायमचा माणूस झालो.

जळक्या बोर्डाची हकीकत त्यांनीच सांगितली. मी म्हणालो, मी असतो तर शोरूमच्या काचेवर दगड घातला असता.

"दगडानं काच फुटते, त्याचं बोलणं नाई फुटत," ते म्हणाले. "मले काही नको. त्यानं फक्त म्हणावं, बोर्ड चांगला व्हता. जठी वाईट म्हणला तठीच म्हणावं. मी थांबून राह्यलो."

आणि एकदाची वेळ आली. जुनी गेमची पेटी दिवाणखान्यात ठेवायची हौस शेठला सुटली. मुंबईहून पेटी आणली, बोर्ड शाबूत, पण आतला सप्लाय मेलेला. गावात दुसरं कोणी हात लावेना. शेठने नोकर पाठवला. भाऊ म्हणाले, "मालकाले पाठव." इतक्या वर्षांत शेठ पहिल्यांदा रस्ता ओलांडून आले.

भाऊंनी चार दिवस घेतले. सप्लाय निवडून मागवला, जाड वायरी टाकल्या, प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांधली. इतक्या मायेने केलेलं काम मी त्यांच्या हातचं पाहिलं नव्हतं. मला खरं तर रागच आला. वाटलं, म्हातारा विरघळला. शेवटी बोर्डाच्या टोकाला मी स्वतः सुया लावल्या. पाच पॉइंट एक.

पाचव्या दिवशी शेठ दोन मित्रांना घेऊन आले. भाऊंनी मीटर पुढे केला. "मोजा." शेठने सुया हातात घेतल्या आणि तशाच धरून राहिले. कुठे लावायच्या ते त्यांना माहीत नव्हतं. मित्र एकमेकांकडे बघायला लागले.

"ऱ्हाऊ द्या. दाबा मंग."

शेठचं बोट बटनापाशी गेलं आणि थांबलं. त्यांनी खिळ्यावरच्या बोर्डाकडे पाहिलं, मग भाऊंच्या तोंडाकडे. भाऊंच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, हे शेठला पक्कं ठाऊक होतं.

"तुमीच दाबा ना भाऊ."

"मालकानंच दाबाचं. पण तुमच्यासाठी नेम मोडतो. एवढंच म्हणा, माहा बोर्ड चांगला व्हता. मंग मी माह्या हातानं दाबतो."

शेठने बोट मागे घेतलं. टेम्पो बोलावला आणि पेटी तशीच घरी नेली.

भाऊंनी कचोऱ्या मागवल्या, दोन मला आणि दोन स्वतःला. "मले तं काही कराच लागलं नाई बे," ते खुदकन हसले. पण दुसरी कचोरी त्यांनी तशीच ठेवली. थोड्या वेळाने म्हणाले, "म्हणला असता तं बरं झालं असतं." तेव्हा मला कळलं की हा सूड मला पचला होता, त्यांना नाही.

गेल्या हिवाळ्यात भाऊ गेले. शेठ मातीला आले नाहीत. भाऊंच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, मीटर आणि जळका बोर्ड माझ्या स्वाधीन केला.

महिनाभराने शेठ माझ्या घरी आले. पेटी अजून चादरीखाली होती, एकदाही लावलेली नव्हती. "तुमी व्हते तठी. वायरिंग बरोबर हाये काय?"

मी भाऊंचा मीटर त्यांच्यापुढे ठेवला. "आधी मोजा, मंग दाबा."

त्यांनी मीटर उचलला आणि परत खाली ठेवला. मग अगदी हळू म्हणाले, "चांगला व्हता तो बोर्ड. माह्या हातानं जळला."

ज्या वाक्यासाठी एक माणूस थांबून थांबून गेला, ते माझ्या ओसरीवर, कोणी ऐकू नये अशा आवाजात आलं. माझं डोकंच फिरलं.

"मला काय सांगता? टपरीवर सांगा."

"आता काय फायदा? तो तं गेला."

"वहिनी आहेत."

ते उठून गेले. वायरिंग बरोबर आहे, पाच पॉइंट एक भरले होते, हे मी त्यांना सांगितलं नाही आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. तुम्हाला वाटत असेल तर वाटो.

दुसऱ्या दिवशी मी टपरीवाल्याला विचारून चुलीच्या वर एक खिळा ठोकला. जळका बोर्ड आता तिथे असतो. शेठ अजून काही बोललेले नाहीत. चहाला रोज येतात, पण हल्ली रस्त्याकडे तोंड करून पितात.